दूध आलं होतं का

थोरलीला माणसांच्या अंगाची किळस कधी वाटली नव्हती. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत ती बावीस वर्षं ब्युटी पार्लर चालवत होती. भेगाळलेल्या टाचा, पाठीवरचं पुरळ, नाकावरचे काळे ठिपके, घामेजलेल्या बगला, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं, आणि साबणाने हात धुतले की त्याच हातांनी ती निवांत जेवायला बसायची. तिला शिसारी यायची ती एकाच माणसाची. आणि ते माणूस पार्लरच्या पडद्यामागच्या खोलीत, सकाळी अकरा वाजता, अंगात स्वेटर आणि पायात मोजे घालून झोपलेलं असायचं.

धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा अशी नव्हती. शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंगला होती. कापडाचे वीस-वीस थर एकावर एक रचून ती यंत्राच्या पात्याने कॉलर कापायची, आणि संध्याकाळी घरी आली की दिवसभर कोण कोण काय बोललं त्याच्या नकला करून दाखवायची. थोरलीचा नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येणारा. मुलगा शिकायला बाहेर. त्यामुळे घरात हसणारं माणूस आलं याचा तिला तेव्हा आनंदच झाला होता.

मग धाकटीचं बाळंतपण झालं. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. चार बाटल्या रक्त चढवावं लागलं. नवव्या दिवशी ती घरी आली ती पांढरीफटक, भिंतीला धरून चालणारी. दूध काही उतरलं नाही. सासू आठवडाभर तिच्या मागे लागली आणि मग म्हणाली, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." शेवटी डब्याचं दूध आणलं. ते रात्रंदिवस कालवलं थोरलीने.

महिन्याने धाकटी उठेल असं सगळ्यांना वाटलं. मग वाटलं, तीन महिन्यांनी. मग वर्षाने. धाकटी काही उठली नाही. म्हणजे उठायची, भांड्यांच्या ढिगासमोर उभी राहायची, दोन भांडी विसळायची आणि ओट्याला टेकून श्वास घ्यायची. उरलेली भांडी तशीच. त्यांच्यावर तवंग धरायचा, दुधाच्या बाटलीच्या तळाशी आंबट दही बसायचं आणि स्वयंपाकघरात शिरलं की तो वास थेट थोरलीच्या घशाशी यायचा. धाकटीचा चेहरा मेणासारखा झाला होता, कातडी कोरडी, आवाज जाड. उन्हाळ्यात घराच्या खिडक्या तापायच्या आणि ही म्हणायची, "ताई, पंखा बंद करता का?" आंघोळ दोन दिवसांआड. त्यातही दमायची. गादीला एक शिळा वास होता, आणि त्या वासात ती लेक वाढत होती. लेकीची वेणी, डबा, शाळेतली पालकसभा, तापातल्या पट्ट्या, सगळं थोरलीकडे. पोर तिला "मोठीआई" म्हणायची, आणि आईला नुसतं "आई", तेही हळू आवाजात, झोपमोड होऊ नये म्हणून.

घरच्या डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही. दोनदा दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांदा रक्त तपासलं आणि कागदावर टिचकी मारून म्हणाले, "थायरॉइड नॉर्मल आहे. मनाने घेतलंय यांनी. कामाला लावा."

ते "कामाला लावा" घराला बरं सापडलं. सासूला म्हणायला झालं, दिराला गप्प बसायला झालं. आणि थोरलीला पार्लरमध्ये सांगायला झालं. गिऱ्हाईक बायका खुर्चीत बसल्या की विचारायच्याच, "काय, महाराणी उठल्या का?" थोरली भुवईवर दोरा फिरवता फिरवता एकेक किस्सा सांगायची. तिच्या जिभेला तशी धार होतीच. बायका हसायच्या, दोरा निसटायचा, पुन्हा हसायच्या.

असंच एका दुपारी सिस्टरबाई आल्या होत्या. तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या. महिन्यातून एकदा ओठांवरची लव काढायला यायच्या आणि फारसं बोलायच्या नाहीत. आणखी दोघी बाकावर बसल्या होत्या.

"मागे नात्यात लग्न होतं," थोरली सांगत होती, "म्हटलं हिला जरा माणसांत आणू. वॅक्स तापवलं, हिचा हात वर केला, तर बगलेत केसच नाहीत. एकसुद्धा नाही. प्लास्टिकच्या बाहुलीसारखी गुळगुळीत. भुवयांचीही बाहेरची टोकं गेलीत. म्हटलं, काम करायचा आळस समजू शकते, हिला केस उगवायचाही आळस!"

बाकावरच्या दोघी खो खो हसल्या. सिस्टरबाईंनी थोरलीचं मनगट धरून दोरा बाजूला केला.

"बाळंतपणात रक्त गेलं होतं का तिचं?"

"खूप. चार बाटल्या चढवल्या."

"दूध आलं होतं का?"

"थेंब नाही."

"आणि पाळी? नंतर सुरू झाली?"

"ते मी कशाला विचारू?"

"विचार," सिस्टरबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत उठून बसल्या होत्या. "डोक्यात, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी ग्रंथी असते. पिट्युटरी. बाकीच्या ग्रंथींना हुकूम तिच्याकडून जातात. दूध, पाळी, थायरॉइड, आजारात माणसाला उभं ठेवणारं हार्मोन, सगळं. गरोदरपणात ती फुगलेली असते. अशा वेळी एकदम रक्त गेलं तर तिला रक्त पुरत नाही, ती वाळून जाते. मग हुकूम द्यायलाच कोणी नाही. बाई झोपून राहते, गारठते, केस जातात, आणि घरचे म्हणतात आळशी आहे. तीस वर्षांत दोन बघितल्या मी. एक वाचली."

"आणि दुसरी?"

"तिला जुलाब झाले होते. साधे जुलाब. तेवढाही ताण शरीराला झेपला नाही." त्यांनी पर्स उचलली. "हार्मोनच्या डॉक्टरकडे ने तिला. याच आठवड्यात."

ओठावरची अर्धी लव तशीच ठेवून त्या निघून गेल्या. बाकावरच्या दोघी मोबाईल बघू लागल्या.

थोरलीने त्या आठवड्यात नेलं नाही. पुढच्याही नाही. एकोणीस दिवस गेले. लग्नसराईची गर्दी आहे, असं ती स्वतःला सांगत होती, आणि गर्दी होतीही. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला माहीत होतं. धाकटी आजारी निघाली तर गेल्या सहा वर्षांचं काय करायचं? प्रत्येक घासलेलं भांडं, प्रत्येक किस्सा, प्रत्येक वेळी मुरडलेलं नाक. रोज सकाळी उठून आपण चांगल्या आणि ती वाईट, हे तिला इतकं सवयीचं झालं होतं की ते सोडायचं जिवावर आलं होतं.

विसाव्या दिवशी लेक शाळेतून पोट बिघडवून आली. तीन वेळा उलटी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागली. त्याच दुपारी धाकटीला उलट्या सुरू झाल्या.

थोरली एका बाईच्या चेहऱ्यावर लेप लावून आत गेली तर धाकटी गादीवरच ओकली होती. उशीवर, केसांत, स्वेटरच्या बाहीवर. बादली हाताच्या अंतरावर होती.

"निदान बादलीपर्यंत तरी जायचं," थोरली म्हणाली. तोंड फिरवून, श्वास रोखून तिने चादर ओढून काढली, ओल्या फडक्याने केस पुसले. घशाशी आंबट आलं. "पोरीलाही हेच झालं होतं. ती बघ, उड्या मारतेय. तुला मात्र निमित्तच मिळालं."

धाकटीने काहीतरी म्हणायला ओठ हलवले. थोरली न ऐकता बाहेर गेली, कारण लेप वाळत आला होता.

वीस मिनिटांनी परत आली तेव्हा धाकटीचे डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. ओठ राखेच्या रंगाचे. हात धरला तर ओल्या मातीसारखा गार. थोरलीच्या कानात दोनच शब्द घुमले, साधे जुलाब, आणि ती रिक्षा बोलवायला धावली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी सलाईन लावलं, साखर चढवली. साखर उतरली होती, रक्तदाब लागत नव्हता, शरीरातलं मीठ खाली गेलं होतं. "उलट्यांनी पाणी गेलंय," ते म्हणाले. "येतील शुद्धीवर." तेवढ्यात दीर कामावरून धापा टाकत आला.

"डॉक्टर," थोरली म्हणाली, "बाळंतपणात हिचं खूप रक्त गेलं होतं. दूध आलंच नाही. बगलेत केस नाहीत. कायम थंडी वाजते." मग ती दिराकडे वळली. "भाऊजी, हिला पाळी कधी आली होती शेवटची?"

दीर जमिनीकडे बघत म्हणाला, "लेक झाल्यापासून नाही."

"सहा वर्षं? आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"मला वाटलं, एवढं रक्त गेल्यावर होत असेल तसं. आणि..." त्याने आवाज खाली केला. "दुसरं मूल नकोच होतं आम्हाला. म्हटलं, बरंच आहे."

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट. तो शर्ट कालच तिनेच धुतला होता. तिला तो फाडून काढावासा वाटला. बरंच आहे म्हणे. बायको डोळ्यांदेखत वाळत होती आणि या माणसाला ते सोयीचं पडलं होतं. आणि याला नावं ठेवायला आपण कोण, हेही लगेच मनात आलं, आणि तिची तिलाच उलटी येईल असं वाटलं.

तरुण डॉक्टर एव्हाना फोनवर वरिष्ठांशी बोलत होते. त्यांनी आधी रक्त काढून घेतलं आणि निकालाची वाट न बघता एक इंजेक्शन दिलं. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत धाकटीने नजर फिरवली, थोरलीला ओळखलं आणि म्हणाली, "भूक लागलीय." सहा वर्षांत हे वाक्य तिने कधी म्हटलं नव्हतं.

दोन दिवसांनी हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो दाखवला. हाडाची खोबण होती. आत ग्रंथी असायची तिथे जवळपास रिकामं होतं.

"पण थायरॉइड तपासलं होतं," थोरली म्हणाली. "नॉर्मल आलं होतं."

"त्यांनी फक्त टीएसएच बघितलं. ते पिट्युटरीच सोडते, थायरॉइडला कामाला लावायला. पिट्युटरी चांगली असती तर थायरॉइड कमी पडल्यावर तो आकडा चढला असता. इथे चढवणारंच कोणी नाही, म्हणून कागदावर सगळं छान दिसलं. खुद्द थायरॉइडचं हार्मोन बघायला हवं होतं. ते अगदी तळाला आहे." मग त्यांनी दोन गोळ्यांची नावं लिहिली. "आधी ही, स्टिरॉइडची. थायरॉइडची काही दिवसांनी. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेतेल. ताप आला तर पहिली गोळी दुप्पट. उलट्या होत असतील तर इंजेक्शन, आणि सरळ इथे. जन्मभर घ्यायच्या आहेत, एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

थोरली तो कागद घेऊन घरच्या डॉक्टरांकडे गेली. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला.

"फार दुर्मीळ हो हे. लाखात एखादी केस."

"तुम्ही तिला दूध आलं होतं का, एवढंही विचारलं नाहीत."

"सगळंच विचारत बसलो तर बाहेरची रांग कधी संपायची?" असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईची चिठ्ठी ओढली आणि तिच्यावर टॉनिकचं नाव लिहिलं. थोरली बाहेर येऊन गटाराशी थुंकली. रस्त्यावर थुंकायची तिची ती पहिलीच वेळ.

घरी सासूचं वेगळंच. "दोन गोळ्यांनी उठली? मग आधीच का नाही घेतल्या?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, अगदी मनापासून.

धाकटी खरंच उठली. एका दिवसात नाही, पण तीन आठवड्यांत आवाज सुटला, चेहऱ्यावर रंग आला, स्वेटर खुंटीला गेला. एका सकाळी तिने गादी बाहेर ओढून उन्हात टाकली आणि काठीने झोडपायला घेतली. थोरली दारात उभी राहून बघत होती.

"ताई," धाकटी न थांबता म्हणाली, "मधला पडदा कापडाचा आहे."

थोरलीने वळून पार्लरकडे बघितलं.

"डोळे उघडवायचे नाहीत, पण ऐकू सगळं यायचं. महाराणी. प्लास्टिकची बाहुली. केस उगवायचा आळस." तिने काठी खाली ठेवली. "राग यायलाही अंगात जोर लागतो हो. तेवढाही नव्हता. पडल्या पडल्या वाटायचं, खरंच असेल. मलाच माझी किळस यायची."

"तू पडलीस त्याच्या वीस दिवस आधीच सिस्टरबाईंनी मला सांगितलं होतं," थोरली म्हणाली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. "मी नेलं नाही तुला."

"तेही ऐकलं होतं मी. रोज वाट बघत होते, आज न्याल, उद्या न्याल."

"तूच का नाही म्हणालीस?"

"कुणाला म्हणू?"

थोरलीला माफी मागायची होती. शब्द तयार होते, पण ते तोंडात आणले आणि तिला ते बुळबुळीत वाटले. दुसऱ्या कुणी आपल्यापुढे असे शब्द ठेवले असते तर आपण नाक मुरडलं असतं. तरी ती म्हणाली, "चुकलं माझं."

"हो," धाकटी म्हणाली. "मला इथं राहायचं नाही आता. इथे मला बसलेली बघितली की सगळ्यांचं तोंड तसंच होतं. तुमचंही. आत्ताही झालं होतं, मी गादी ओढताना दमून बसले तेव्हा."

थोरलीने नाही म्हटलं नाही. झालं होतं.

दोन महिन्यांत धाकटी, दीर आणि लेक पलीकडच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. लेक जाताना रडली, मोठीआईच्या कमरेला मिठी मारून, आणि धाकटी टेम्पोत बसून वाट बघत राहिली. तिने पोरीला ओढलं नाही की हाकही मारली नाही. कारखान्यात तिला अर्धा दिवस काम मिळालं. पार्लरमध्ये बायका विचारायच्या, "महाराणी कशा आहेत?" थोरली म्हणायची, "मान सरळ ठेवा." दोघी-तिघी दुसऱ्या पार्लरला जाऊ लागल्या. इथे पूर्वीसारखी मजा येत नाही म्हणे.

एका सुट्टीच्या दुपारी थोरली लेकीचे विसरलेले बूट द्यायला तिकडे गेली. दार लोटलेलं होतं. धाकटी पलंगावर आडवी, सिंकमध्ये भांडी तशीच. विचार यायच्या आधीच ती जुनी आंबट चव थोरलीच्या घशाशी आली. आपोआप, वास आल्यावर नाक मिटतं तशी. तिने ती गिळली.

"ताप आहे का? गोळी दुप्पट घेतलीस?"

"काही झालं नाहीये, ताई," धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "सुट्टी आहे. नुसती लोळतेय."

थोरली बूट हातात धरून उभी राहिली. चेहरा कसा ठेवावा ते तिला सुचेना.

"चहा हवा असला तर करून घ्या," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठीही टाका." आणि तिने कूस बदलली.