लाल पॅसेजची बाजू

मी भिंतीवरचा गडद लाल रंग बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून पंख्याकडे बघू नका. बैठकीच्या खोलीतून आत जाणारा पॅसेज आहे ना, त्याच्या दोन्ही भिंतींवर मीच आहे.

माझा जन्म दुकानातला. यंत्राने डब्यात लाल आणि काळ्या पिचकाऱ्या मारल्या, डबा गदागदा हलवला आणि मी झालो. सूनबाईने मला नखाएवढ्या नमुन्यावरून पसंत केलं होतं. नखाएवढा मी फार देखणा दिसतो. भिंतभर झालो तेव्हा तिचा नवरा "छान आहे" म्हणाला आणि भरदुपारी दिवा लावायला गेला.

सासूबाईंनी मात्र भीडभाड ठेवली नाही. "हे घर आहे की खाटकाचं दुकान?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून येता-जाता मला एक टोमणा ठरलेला. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. सूनबाई माझी बाजू घ्यायची, पण त्यात माझ्यापेक्षा तिची स्वतःचीच जास्त असायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग सासूबाई माझ्या अगदी जवळून चालायला लागल्या, नाक घासेल इतक्या. मला वाटलं, टोमणा नीट पोचावा म्हणून असेल. एकदा मात्र हळूच म्हणाल्या, "डोळे कामातून गेलेत रे. कुणाला सांगू नकोस." मी कुणाला सांगणार? मला कुणी काही विचारत नाही.

इकडे सूनबाईला माझा कंटाळा आला. पॅसेज कोंदट वाटतो म्हणाली. पांढरा ठरला आणि रंगारी आला. त्याने दारांच्या बाजूच्या भिंतीवर पहिला हात मारला. मी आतून गुलाबी होऊन डोकावलो.

"लाल हट्टी असतो, ताई. अजून दोन हात तरी लागतील," असं म्हणून तो जेवायला गेला. माझे दिवस भरले होते.

तेवढ्यात सासूबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि पॅसेजमध्येच थबकल्या. मग ओल्या भिंतीवर हात फिरवू लागल्या. जिथे दारच नाही तिथे कडी चाचपडत होत्या. समोरच्या भिंतीवरून मी सगळं बघत होतो. इतका असहाय मी डब्यातही नव्हतो.

सूनबाई धावत आली. "आई, काय शोधताय?"

"माझी खोली. कुठे नेऊन ठेवलीत?"

सूनबाईने त्यांचे पांढरे झालेले तळवे बघितले. "तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतो की. तो मेला लाल तेवढा दिसतो. तो संपला की पांढरी चौकट, म्हणजे माझं दार."

"मग इतकी वर्षं त्याला नावं का ठेवत होता?"

"नावं ठेवण्यासारखाच आहे. पण राहू दे त्याला."

सूनबाईने त्यांचे हात स्वतः पुसले. बराच वेळ पुसत होती. रंगारी परतला तेव्हा त्याला म्हणाली, "परत लालच लावा." त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि डबा आणायला गेला.

पॅसेज अजून कोंदटच आहे. आता सूनबाई स्वयंपाकघरातून कान देऊन असते. टोमणा ऐकू आला की आई खोलीपाशी पोचल्या, हे तिला कळतं. तुमच्या घरातही एखादा नावडता रंग असेल. तो पुसण्याआधी, घरात त्याला सगळ्यात जास्त शिव्या कोण घालतं त्यांना एकदा विचारा, एवढंच मागणं.

आज सकाळीच सासूबाई माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, "आहेस का रे अजून, मेल्या?"

आहे.