सापळ्याची रिकामी पिशवी

निशिगंधाचे आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. तिसऱ्या खेपेला सासूने, ठमाबाईंनी, गावदेवीला नवस बोलून अखंड दिवा लावला. सून सुखरूप बाळंत होईपर्यंत विझू द्यायचा नाही. देव्हारा सुनेच्याच खोलीत होता.

पावसात त्यांच्या कोलशेतच्या आळीत मलेरियाचे ताप सुरू झाले. निशिगंधाला सातवा महिना लागलेला. तिला कोपरला, माहेरी जायचं होतं. इथे डास फार, असं ती नवऱ्याला, दिपेशला, हळूच सांगायची. देवीचा उजेड सोडून जाऊ नये, एवढंच ठमाबाईंचं म्हणणं.

तेव्हाच डासांचा अभ्यास करणारा स्वानंद आळीत आला. मलेरियाचे डास पकडायची कोणती रीत बरी, हे तो ताडून बघत होता. शेजारी मारुतीच्या घरी तो सकाळी भिंतीवरचे डास नळीने ओढून घेई. इथे त्याने सापळा टांगला. छोटा बल्ब, खाली पंखा, त्याखाली जाळीची पिशवी. सोबत मच्छरदाणीही दिली. निशिगंधा तपासणीला गेलेली.

"माणूस झोपतं तिथेच, उशाशी ठेवा, मावशी. डास माणसाच्या वासावर येतात. आणि खोलीत दुसरा दिवा नको."

ठमाबाईंनी मान हलवली. पण देवीचा दिवा कसा विझवायचा? सांजवात झाली की त्या सापळा मागच्या अडगळीच्या खोलीत टांगायच्या आणि सकाळी तुळशीला पाणी घालून पुन्हा उशाशी आणून लावायच्या. घरात डास असतील तर तिथेही येतील की.

मारुतीकडची नळी भरायची, इथली पिशवी रिकामी. सापळाच कुचकामी की घरच साफ, स्वानंदला कळेना. ठमाबाईंना मात्र कळलं होतं. देवीच्या उजेडात डास कशाला येतील? दिपेश हसून म्हणाला, आई, आळीत घरोघरी एकेक दिवा वाट. पण पिशवी त्यानेही पाहिली होती. माहेरचं जाणं राहिलं. पोटावर उजेड पडावा म्हणून ठमाबाईंनी मच्छरदाणीही काढली.

श्रावणात निशिगंधाला हीव भरलं. ठाण्याला नेईपर्यंत ती बरळू लागली होती. रक्तात मलेरिया निघाला. बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून ती परस्पर कोपरला गेली.

त्या संध्याकाळी ठमाबाईंनी दिव्यात तेल घातलं नाही. फुंकर मारायची नसते. वात आपली आपण बसली. मग त्यांनी सापळा सुनेच्या उशाशी टांगला आणि तिच्या जागेवर आडव्या झाल्या.

सकाळी स्वानंद सापळा उतरवायला आला. पिशवी काळी झाली होती. त्याने ती खिडकीशी धरली. बरेच डास शेपूट वर करून बसलेले.

"मलेरियाचेच," तो म्हणाला. "काल कुठे होता सापळा?"

"इथं. उशाशी."

"आणि इतके दिवस?"

दिपेश दारात उभा होता. ठमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं.