वांग्याखालचा मामा

पुण्याच्या कंपनीत बुद्धभूषणचं काम एकच, मोठ्या कामाच्या फोडी करायच्या. सगळं काम वरच्या चौकटीत, खाली त्याचे भाग, त्यांच्या खाली भागांचे भाग, एका माणसाला उचलेल एवढा तुकडा हाती येईस्तोवर. बरं, करतोस तर कंपनीत कर ना बाबा! पण नाही. धाकट्या बहिणीचं, धम्मशीलाचं लग्न ठरलं आणि महाशय पेडगावला आले ते कागदाची भली मोठी गुंडाळी काखेत मारूनच.

आल्याआल्या ओसरीच्या भिंतीवर तक्ता लागला. वर 'लग्न'. त्याखाली 'मंडप', 'पाहुणे', 'जेवण'. जेवणाखाली भात, बुंदी, भाजी. भाजीखाली, अगदी तळाला, 'वांगी'. प्रत्येक चौकटीला जबाबदार माणसाच्या नावाची चिठ्ठी डकवलेली. 'लग्न'ला अर्थातच स्वतःची.

"यात न्हाई ते काम लग्नातच न्हाई," तो ऐटीत म्हणाला.

"बरं, आधी चहा घे," आई सुलाबाई म्हणाली.

तेवढ्यात पोखर्णीहून सिताराममामा आला. बाप गेल्यापासून धम्मशीलाचे सगळे लाड त्यानंच पुरवलेले. लग्नाची पांढरी साडीही तोच आणणार होता. त्यानं तक्ता वरून वाचायला घेतला. दुसऱ्याच रांगेत काका किशनराव, मंडपाला. मामाची नजर खाली, अजून खाली, पार तळाला गेली.

"किशनराव मंडपाला, अन् मी वांग्याच्या बी खाली?"

"मामा, तसं न्हाई, खाली म्हंजे..."

"खाली म्हंजे खालीच की रे! मग लग्नाला बी वांग्यालाच बोलवा!" आणि मामा आल्या पावली परत.

धम्मशीलानं रडून घर डोक्यावर घेतलं. "मामा न्हाई तर मी मंडपात पाऊल टाकत न्हाई!"

बुद्धभूषणनं घाईघाईनं मामाची चिठ्ठी मंडपाला नेली. तर किशनराव फुगले, "मग मी काय इथं माश्या मारायला हाय?" त्यांना 'लग्न'मध्ये चढवलं, तशी भातावरची कडूबाई उठली, बुंदीवरची बबिताआत्या उठली. संध्याकाळपर्यंत झाडून सगळे 'लग्न'च्या चौकटीत कोंबलेले आणि खाली वांग्याला कुणी वाली नाही. मामालाही तिथंच घेतल्याचं फोनवर कळवलं, तर तो आणखीच भडकला. "गर्दीत उभा करायलास व्हय मला?"

बुद्धभूषण डोकं धरून बसला. बिचाऱ्याला खरंच लय वाईट वाटत होतं. धम्मशीलाला म्हणाला, "अगं, मामासारखी वांगी जिल्ह्यात कुणाची हायत? म्हणून तर त्यांचं नाव टाकलं."

"हे त्यांना सांगितलंस?"

"तक्त्यात तशी चौकट नसती."

धम्मशीलानं कपाळावर हात मारला. चिठ्ठ्या जिथल्या तिथं लावल्या, तक्ता भिंतीवरून ओढून काढला आणि उलटा करून त्याच्या हातात दिला. "जा पोखर्णीला. अन् तोंडानं सांग."

मामा वांग्याच्या वाफ्यात पाठ फिरवून बसला होता. बुद्धभूषणनं तक्ता उलटाच समोर धरला. "मामा, पाहुण्यांनी तुमच्या वांग्याचं नाव काढलं पायजे. दुसऱ्या कुणाची वांगी आमाला नगंत. अन् तुमी न्हाई आलात तर धम्मशीला मंडपात येत न्हाई म्हणती."

मामानं मान पार वाकडी करून उलटी अक्षरं लावली. सगळ्यात वर वांगी. वांग्याला सिताराम.

"किशनराव कुठाय?"

"लय खाली."

"अन् सगळ्यात खाली?"

बुद्धभूषणनं तळाच्या 'लग्न'वर बोट ठेवलं. "मी."

मामा असा हसला की शेजारच्या रानातला माणूस बघायला आला. "मग बघत काय बसलास? खालच्यानं वझं उचलायचं असतंय!"

लग्नादिवशी सकाळी मामा पांढऱ्या साडीचा डबा छातीशी धरून रुबाबात आला. धम्मशीला पळत जाऊन त्याच्या गळ्यातच पडली. कडूबाई चुलीपाशी ताटकळली होती. "अवं, वांगी आणायला गेलेला तुमचा पुण्याचा सायेब कुठाय?"

मामानं मागं अंगठा दाखवला. डोक्यावर हे मोठं पोतं घेऊन कुणीतरी डुलत येत होतं. तोंड काही दिसत नव्हतं.

"ते काय," मामा म्हणाला, "वांग्याच्या खाली."