अध्यक्ष महोदया

प्रियदर्शनी वर्गात गप्प बसलेली दिसली, की पोरींना वाटायचं हिला ताप आलाय. अकरावी आर्ट्सच्या त्या वर्गात तिच्याइतकं बोलायला कुणाला येत नव्हतं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबायला तिला येत नव्हतं. त्यामुळे राज्यशास्त्राच्या मगदूम सरांनी जेव्हा जाहीर केलं, की यंदा वीस मार्कांचा प्रकल्प गाइडातून उतरवून आणायचा नाही, वर्गानं अभिरूप संसद भरवायची, तेव्हा सगळ्यांनी वळून तिच्याकडंच पाहिलं.

"विरोधी पक्षनेता कोण हे विचारायलाच नको," शंभूराज म्हणाला. "त्या दिवशी कानात कापूस घालून या रं गड्यांनो!"

प्रियदर्शनीला ते मनापासून आवडलं. तिनं मनातल्या मनात पहिलं भाषण सुरूसुद्धा केलं होतं.

कराड ओलांडून सांगलीच्या दिशेनं निघालं आणि हायवे सोडून उसात शिरलं, की कृष्णेच्या काठावर ही शाळा लागते. निम्मी पोरं सातारा जिल्ह्यातली, निम्मी सांगलीतली. मगदूम सर मूळचे सांगलीचे, आवाज मऊ, पण एकदा ठरवलं की हलायचे नाहीत. त्यांनी भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. पंतप्रधान, मंत्री, सत्ताधारी, विरोधक, सगळं एका स्टीलच्या डब्यात. शंभूराजला निघालं विरोधी पक्षनेतेपद. पाचवीपासून प्रियदर्शनीच्या शेजारी बसणाऱ्या पूजाला निघालं ठराव मांडणाऱ्या मंत्र्याचं काम. आणि प्रियदर्शनीनं चिठ्ठी उघडली तर आत एकच शब्द होता. अध्यक्ष.

"सर, म्हंजी मी काय बोलायचं?"

"तू इतरांना बोलू द्यायचंस," सर म्हणाले. "अध्यक्ष कुणाच्याच बाजूचे नसतात. वादात उतरायचं नाही."

वर्गानं अशी बाकं बडवली, की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले.

"सर, बदलून द्या की!"

"लोकशाहीत चिठ्ठी बदलत नाहीत," सर म्हणाले. हे पुस्तकात कुठंच नव्हतं, पण त्यांनी ते इतक्या गंभीरपणे सांगितलं, की तिनं चिठ्ठीची घडी करून वहीत ठेवली.

ठराव कशावर घ्यायचा हे मात्र वर्गानं ठरवलं, आणि ते ठरायला वेळ लागला नाही. या भागात दर दुसऱ्या घरात कुणी ना कुणी फौजेत. शाळा सुटली की पोरं मैदानावर भरतीच्या तयारीला पळायची आणि मैदान अंधार पडेपर्यंत त्यांचंच असायचं. पूजाला पोलीस भरतीला उतरायचं होतं. ती आणि गावातल्या चार-पाच पोरी उसाच्या रस्त्यानं पळायच्या, मागून ट्रॅक्टर-ट्रॉल्या यायच्या. एकदा ट्रॉलीला वाट देताना पूजा पाटात पडली होती. ओल्या चिखलानं माखून घरी गेली, तर आई म्हणाली, पळणं बंद. तेव्हा ठराव असा ठरला: संध्याकाळी आठवड्यातले तीन दिवस मैदान फक्त मुलींना द्यावं.

मार्क द्यायला वाईच्या कॉलेजातल्या इंगवले मॅडम येणार होत्या. शिवाय मुख्याध्यापक जगदाळे सरही पाहायला बसणार होते.

पहिल्या तालमीत शंभूराज उठला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदया, मुलींना मैदान देऊन काय उपयोग? दोन फेऱ्या मारतील आणि कट्ट्यावर बसून गप्पा हाणतील!"

"तू किती फेऱ्या मारतोस रं?" अध्यक्ष महोदया खुर्चीतूनच कडाडल्या. "परवा दम लागून कुणाची बाटली पळवलीस? सांगू का समद्यांना?"

"सर! अध्यक्षच भांडतीया!"

मगदूम सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, तूच आखाड्यात उतरलीस तर सोडवायचं कुणी?"

दुसऱ्या तालमीत तेच. तिसऱ्या तालमीत तिनं ओठ आवळून धरले, पण शंभूराजचं भाषण चालू असताना इतक्या जोरजोरात मान हलवली, की सर म्हणाले, "मानही बोलते हं."

त्या दिवशी प्रियदर्शनी घरी आली ती पाय आपटत. जेवताना नेहमीप्रमाणे आजोबांची आणि आजीची टीव्हीवरून जुंपली. आजोबा, म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेब, यांना बातम्या हव्या असायच्या. अंबूबाई आजी त्यावर काही बोलायला तोंड उघडायची, आणि तिचं वाक्य निम्म्यात यायच्या आत आजोबा म्हणायचे, "कळलं कळलं, तुला मालिका बघायची हाय." रोजचंच होतं ते. रोज प्रियदर्शनी आजीची बाजू घेऊन आजोबांशी भांडायची, आणि आजीचं बोलणं तसंच राहून जायचं.

आज तिनं चमचा ताटावर वाजवला.

"शांतता राखा. एका वेळी एकच सदस्य बोलंल. माननीय सदस्य अंबूबाई, बोला."

"ही काय नवी थेरं?" आजोबा म्हणाले.

"माननीय सदस्य लालासाहेब, तुमची पाळी आली न्हाई. बसा."

सुभेदार बसलेलेच होते, तरी ताठ झाले. आईनं हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. आजीनं नातीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, आणि कुणी मधे बोलत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाली, "मला मालिका नगं. मला बातम्याबी नगं. जेवताना ते डबडंच बंद करा. दिसभर तुमी समदी भायेर. ह्या घडीला तरी कुणी चार शब्द बोलंल का न्हाई माझ्यासंगं?"

इतकी वर्षं प्रियदर्शनी आजीच्या मालिकेसाठी तावातावानं भांडत आली होती, आणि आजीला मालिका नकोच होती! आजोबांनी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "मग बोल की. काय म्हंतीस?" आजी जे बोलायला लागली, ते तिच्या माहेरच्या चुलत भावाच्या म्हशीपासून सुरू होऊन ताटं वाळली तरी संपलं नाही.

संसदेच्या दिवशी हॉलमध्ये बाकं समोरासमोर लावली होती. मुलं पांढऱ्या शर्टात, मुली साड्या नेसून. पूजाची साडी दर दहा पावलांना सुटत होती आणि ती मंत्र्याच्या तोऱ्यात एका हातानं निऱ्या धरून उभी होती. प्रियदर्शनी उंच खुर्चीत बसली. समोर टेबलावर घंटी. पहिल्या रांगेत इंगवले मॅडम चष्मा पुसत होत्या, शेजारी जगदाळे सर हाताची घडी घालून बसले होते.

पूजानं ठराव मांडला आणि छान मांडला. ट्रॉल्यांचं सांगितलं, पाटात पडल्याचं सांगितलं, आणि "मैदानावर कुणाचंही नाव लिहिलेलं नाही, अध्यक्ष महोदया," असं म्हणून ती बसली तेव्हा मुलींनी बाकं वाजवली. शंभूराजही तयारीनं आला होता. भरती तोंडावर आहे, तीन दिवस सराव बुडाला तर वर्ष वाया जाईल, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. मग बोलता बोलता त्याला चेव आला. "आणि अध्यक्ष महोदया, मुली पळणार तरी किती?"

प्रियदर्शनीच्या जिभेवर असं उत्तर आलं, की शंभूराज महिनाभर मान वर करू शकला नसता. तिनं ते गिळलं. घंटी वाजवली आणि म्हणाली, "माननीय सदस्यांनी विषयाला धरून बोलावं." मान जरासुद्धा हलली नाही. मागं उभे असलेले मगदूम सर गालातल्या गालात हसले.

तेवढ्यात सत्ताधारी बाकांवरून एक हात वर आला. राजनंदिनीचा. नदीपलीकडच्या गावातून एसटीनं येणारी ही मुलगी वर्गात फारसं बोलायची नाही. तालमीतही तिनं फक्त हात वर करून मत दिलं होतं.

"अध्यक्ष महोदया, माझा ह्या ठरावाला विरोध आहे."

त्या बाकांवर एकदम कालवा झाला. पूजा निऱ्या सोडून उठली. "अगं ए, तू आमच्या बाजूची हायस! सत्ताधारी निघालीस चिठ्ठीत! अध्यक्ष महोदया, हिला खाली बसवा. पक्षाचा आदेश हाय!"

"बसवा, बसवा!" बाकीचे ओरडले. विरोधकांनी खुशीत टाळ्या पिटल्या. पूजा थेट प्रियदर्शनीच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्या बघण्यात पाचवीपासूनच्या सगळ्या वाटून खाल्लेल्या डब्यांचा हक्क होता.

प्रियदर्शनीलाही वाटलं, बसवावं हिला. ठराव पडेल, मैदान जाईल. पण तिनं घंटी वाजवली, आणि कालवा थांबेना तेव्हा उभी राहिली.

"पक्षाचा आदेश मतदानापुरता असतो," ती म्हणाली. "बोलायचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे. मंत्री महोदया, खाली बसा. राजनंदिनी, तुमचं पूर्ण होऊ दे. मधे कुणी बोलणार नाही."

पूजा बसली, पण तोंड फिरवून. राजनंदिनी आधी पुस्तकी भाषेत, एकेक शब्द जपून बोलायला लागली.

"शाळा सुटल्या सुटल्या आमची एसटी असते. ती चुकली तर घरी जायला दुसरं काहीच नाही. नदीपलीकडनं आम्ही पंधरा-वीस मुली येतो. संध्याकाळी मैदान दिलं तर ते फक्त ह्या गावातल्या मुलींना मिळंल. आमचं काय? आमी तर रोज एसटी धरायला पळतो, तीच आमची भरती!"

हसू फुटलं. विरोधकांच्या बाकांवरही. राजनंदिनीला धीर आला आणि भाषेची इस्त्री मोडली.

"आन सकाळी काय हुतंय? येताना एसटी आमाला शाळा भरायच्या लय आधी आणून टाकती. गेटला कुलूप. तास-दीड तास आमी भायेर बसून राहतो. आत मैदान मोकळं, त्यावर कुत्रीसुदिक न्हाईत. मला म्हणायचंय, संध्याकाळचं भांडताय कशाला? सकाळी गेट उघडा. रोज पळू. समद्या पळू."

पूजाचं फिरवलेलं तोंड हळूहळू समोर आलं. शंभूराज उठला आणि जरा घुटमळला, कारण विरोधी पक्षनेत्यानं पाठिंबा कसा द्यायचा याची तालीम झालीच नव्हती.

"अध्यक्ष महोदया, हे... हे चालंल की! आमचा विरोध न्हाई."

"मग तशी दुरुस्ती सुचवा," प्रियदर्शनी राजनंदिनीला म्हणाली.

"पण चावीचं काय?" मागच्या बाकावरून इंद्रजितनं विचारलं. "शिपाई कृष्णातमामा तर साडेदहाला येतात."

तोच पहिल्या रांगेतून जगदाळे सर उठले. "चावीचं मी सांगतो. त्याचं असं आहे, की..."

घंटी वाजली. हात प्रियदर्शनीचाच होता, पण तो कधी पुढं गेला हे तिलाही कळलं नाही.

"प्रेक्षकांना सभागृहात बोलण्याची परवानगी नाही," ती म्हणाली. "कृपया खाली बसावं."

शाळेत जगदाळे सरांना बसा म्हणणारं आजवर कुणी जन्मलं नव्हतं. मगदूम सरांनी भिंतीचा आधार घेतला. जगदाळे सर क्षणभर तसेच उभे राहिले, मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि बसले. इंगवले मॅडमनी खाली बघून काहीतरी भराभर लिहिलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

राजनंदिनीनं दुरुस्ती मांडली आणि पूजानं ती स्वतः मान्य केली. मतदान आवाजी झालं आणि 'होय' असं गर्जलं, की छपराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. 'नाही' म्हणायला कुणी उरलंच नव्हतं. प्रियदर्शनीनं ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं, सभागृह तहकूब केलं आणि ती खुर्चीतून उठली.

"आता बोलू का, अध्यक्ष महोदया?" जगदाळे सरांनी विचारलं.

हॉल हसण्यानं दणाणला. ती लाजून लाल झाली आणि मान डोलावली.

"चावी माझ्याकडे असते," सर म्हणाले. "मी सकाळी नदीकडं फिरायला येतोच. येत्या सोमवारपासून एसटी येण्याआधी गेट उघडं असेल. मात्र एक गोष्ट ह्या संसदेच्या नादात सगळे विसरलेले दिसताय. सोमवारीच राज्यशास्त्राची लेखी चाचणी आहे."

हसणं जागच्या जागी बंद पडलं. खरंच, पुस्तकाला कुणी हात लावला नव्हता.

बाहेर मगदूम सरांनी सांगलीहून आणलेलं भडंग वाटलं. पूजा ओंजळभर घेऊन प्रियदर्शनीजवळ आली. "मला खाली बसवलंस."

"बसवलं."

"लय राग आला हुता." पूजानं निम्मं भडंग तिच्या हातात ओतलं. "पर बरं केलंस."

शंभूराज पलीकडं राजनंदिनीला सुरुवातीलाच जोरात सुटायचं नाही, दम पुरवायचा, असं हातवारे करून समजावत होता, आणि ती भडंग खात त्याचं सगळं ऐकून घेत होती.

सोमवारी सकाळी नदीवरून गार वारा येत होता. एसटी थांबली, पोरी उतरल्या, आणि गेट सताड उघडं बघून निम्म्या तिथूनच पळत सुटल्या. दप्तरांचा ढीग कट्ट्यावर पडला. पूजा पुढं, राजनंदिनी तिच्या पाठोपाठ, मधे बाकीच्या. प्रियदर्शनीला भरतीला जायचं नव्हतं, तरी ती ओढणी कमरेला बांधून सगळ्यांच्या मागं धावत होती, आणि हातात राज्यशास्त्राचं पुस्तक उघडं होतं.

"लोकसभेची मुदत किती?" ती धापा टाकत ओरडली.

"पाच वर्षं!" पुढून उत्तर आलं.

"राज्यसभेच्या सदस्याची?"

"सहा!"

"आन राज्यसभा विसर्जित कवा हुती?"

वळणावर पोहोचलेल्या सगळ्या पोरी एकाच दमात किंचाळल्या, "कवाच न्हाई!"