पहिला ठोका

भ्रूणशास्त्राचं ते प्रात्यक्षिक सर वर्षानुवर्षं घेत आले होते. कोंबडीची अंडी दीड दिवस उबवायची, मुलांकडून फोडून घ्यायची आणि बलकावरच्या नखाएवढ्या गर्भाचं धडधडणारं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचं. यंदा मात्र त्यांचं मन लागत नव्हतं. बायको उन्हाळ्यात गेली. विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या, "सर, एवढं एक घ्या. नाही जमलं तर यापुढे व्हिडिओ दाखवू." सरांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, हे उरकायचं आणि मोकळं व्हायचं.

दुपारी मुलांनी अंडी फोडली, गर्भ अलगद उचलून काचेच्या बशांत घेतले.

"सर, आमच्याला हृदयच नाही," चष्मेवाली म्हणाली.

"तुझ्यावर गेलंय," मागून तो उंच मुलगा म्हणाला. त्याला सगळे जिराफ म्हणत.

वर्ग खिदळला. सर एकेका सूक्ष्मदर्शकावर वाकले. गर्भ चांगले होते, पण मागे पडले होते. हृदयाच्या जागी नुसती एक नळी, आणि ती गप्प.

चूक कुठे झाली ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. थंड कपाटातली अंडी एक रात्र साध्या हवेत ठेवायची आणि मगच उबेला लावायची, अशी रीत. प्रयोगशाळेत उंदीर फार, म्हणून ट्रे घरी जायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. "आले का पाहुणे?" बायको म्हणायची. "सकाळी चुकून माझ्या हातून तव्यावर गेले तर बोलायचं नाही हं!" यंदा तो ट्रे घेऊन घरात शिरायचा धीर झाला नाही. अंडी गारठलेली तशीच इन्क्युबेटरमध्ये गेली. गारठा निघण्यातच त्यांचा वेळ गेला.

"माझी चूक झाली," सर म्हणाले. "जायचं असेल त्यांनी जा."

"मेली का सर ही पिल्लं?"

"नाही रे. उशीर झालाय त्यांना."

"मग थांबू की," जिराफ म्हणाला. "घरी जाऊन तरी काय दिवे लावणार आहोत!"

बशा पुन्हा उबेत ठेवल्या. मधूनमधून एकेक काढून बघायची, परत ठेवायची. कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं, सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, जेवायला येताय ना?"

"तुम्ही जेवून घ्या गं. अजून हृदय सुरू व्हायचंय."

"अगंबाई! कुणाचं?"

"कोंबडीच्या पिल्लाचं."

पलीकडे ती हसली. त्यांनाही हसू आलं.

दिवे लावायची वेळ झाली तेव्हा चष्मेवाली दबक्या आवाजात म्हणाली, "सर, हललं."

सरांनी डोळा लावला. काही नाही. मग नळीच्या उजव्या कडेचा एक कोपरा आक्रसला. थांबला. बराच वेळ गेला. पुन्हा आक्रसला. आजवर त्यांनी शेकड्यांनी हृदयं दाखवली होती, पण ती सगळी आधीच चालू झालेली. सुरू होताना एकही पाहिलं नव्हतं.

मुलं पाळीपाळीने वाकून बघू लागली.

"पण सर, यात रक्त कुठाय?" जिराफने विचारलं.

"अजून आलेलं नाही."

"मग हे ढकलतंय काय?"

"काहीच नाही."

"मग सुरू कशाला झालं?"

पेशी एकमेकींना कसा इशारा देतात ते सरांनी सांगायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. "कसं ते सांगता येतं रे. कशाला ते मला ठाऊक नाही. आधी सुरू होतं. रक्त मागून येतं."

"म्हणजे तोवर रिकामंच?"

"तोवर रिकामंच."

जिराफ पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकला.

बाई खांद्याला पर्स लावून दारात आल्या. "अजून इथेच? सर, मग त्या व्हिडिओचं काय करू?"

"नका मागवू," सर म्हणाले. "पुढचं प्रात्यक्षिकही मी घेतो."

"नक्की?"

सर स्टुलावरून उठले आणि त्यांना जागा करून दिली. बाईंनी चष्मा कपाळावर सारून डोळा लावला.

"सर, हे तर बंद पडलंय."

"उठू नका," सर म्हणाले. "बघत राहा."