जनरल ब्रुसाफेर्रोचा नकार

पहिल्या महायुद्धात औरेलियो ब्रुसाफेर्रो इटलीच्या सैन्यात नुसता कॅप्टन होता. इसोन्झो नदीकाठची एक बोडकी टेकडी घ्यायचा हुकूम वरून आला आणि त्यानं तो मुकाट्यानं पाळला. संध्याकाळी हजेरीला त्याची उरलेली अख्खी कंपनी एका ओळीत मावली. त्याला चांदीचं पदक मिळालं. घरी मात्र त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढं बढत्या मिळत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात, अल्बेनियाच्या डोंगरात, तो एका डिव्हिजनचा जनरल होता. थंडीनं शिपायांची बोटं झडत होती. अशात समोरचा कडा घ्यायचा हुकूम आला.

"तोफा?" त्यानं कर्नल व्हेनिएरला विचारलं.

"नाहीत, साहेब. धुक्यात उपयोग नाही म्हणतात वरचे."

"मग कळव त्यांना, मी माणसं पाठवत नाही."

व्हेनिएर जरा घुटमळला. "तब्येतीचं कारण लिहू? सगळंच झाकलं जाईल."

"तब्येत ठणठणीत आहे माझी. नाही म्हणालो, एवढंच लिही."

त्याला पदावरून काढलं आणि घरी जायचा हुकूम दिला. नव्या जनरलनं आल्या आल्या हल्ला केला. कडा काही मिळाला नाही. व्हेनिएर बंदरावर निरोप द्यायला आला तेव्हा ब्रुसाफेर्रो म्हणाला, "म्हणजे मी काहीच साधलं नाही."

"नवे साहेब येईपर्यंतच्या दिवसांत थंडीनं पाय सुजलेले बरेच जण खाली इस्पितळात पोचले," व्हेनिएर म्हणाला. "तेवढे वाचले."

फेल्त्रेला, त्याच्या गावी, त्याची बायको एर्सिलियानं विचारलं, "रजा किती दिवसांची?"

"कायमची."

"बरं झालं. द्राक्षाचे वेल छाटायचे राहिलेत."

त्रेचाळीसच्या सप्टेंबरात इटलीनं शस्त्रं ठेवली आणि जर्मन गावात शिरले. त्यांचा एक मेजर बागेत येऊन अदबीनं म्हणाला, "आमच्याकडे या. डिव्हिजन परत मिळेल." ब्रुसाफेर्रोनं विचार करायला एक रात्र मागितली. सकाळी त्यानं नकार दिला आणि बॅग घेऊन त्यांच्या गाडीत बसला. पोलंडमधल्या जर्मनांच्या कैदी छावणीत त्यानं दोन हिवाळे काढले.

परतला तेव्हा कोट अंगावर लोंबत होता. एर्सिलियानं मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढला, समोर बसली.

"अहो, त्या मेजरचं ऐकावंसं वाटलं नाही तुम्हाला? जरासुद्धा?"

"वाटलं की. रात्रभर वाटत होतं."

"मग?"

"मग काय. डिव्हिजन घेतली असती, तर कडे चढायला परत माणसंच पाठवावी लागली असती."

तिनं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. तो सावकाश, पोटभर जेवला.