तुकडा तुटेपर्यंत

लेकीला फोन लागला की मी आधी विचारते, "तुटला का?" तब्येतपाणी नंतर.

ती विद्यापीठात इंजिनिअरिंगचं संशोधन करते. पोलादाच्या दोन पट्ट्या नव्या पद्धतीने वेल्डिंग करून जोडायच्या, तो तुकडा यंत्रात अडकवायचा आणि यंत्राने त्याला ओढत-सोडत राहायचं, तुटेपर्यंत. तोवर ही बया तिथून हलणार नाही. त्यातून तुकडा जितका जास्त टिकेल तितकी हिची पद्धत खरी. म्हणजे मी जितकी वाट बघणार, तितकं हिचं भलं होणार.

"जावई असता तर त्याला तरी घरी बोलावलं असतं," आमचे हे म्हणतात. "लोखंडाला कसलं आमंत्रण देणार?"

शेवटी मीच गेले. दोन दिवसांसाठी का होईना, तिला उचलूनच आणायची, असं ठरवून.

प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. तेलाचा वास आणि एकसारखी घरघर. खुर्चीच्या पाठीवर माझीच जुनी शाल. यंत्र माणसाहून उंच, आणि त्याच्या जबड्यात जेमतेम वीतभर पट्टी. हलतेय असं दिसतसुद्धा नव्हतं.

"एवढ्याशासाठी?"

"हळू बोल आई, ऐकेल तो."

"ऐकू दे की. मला त्याच्याशीच बोलायचंय."

ती हसली. गालांची हाडं वर आली होती. ती हात धुवायला बाहेर गेली तशी मी पट्टीजवळ वाकले. म्हटलं, "बाबा रे, तूट आता. पुष्कळ झालं."

घरघर थांबली.

लेक ओल्या हातांनी धावत आली. मी तिचा चेहरा बघितला. लहानपणी तापात असायची ना, तशी दिसत होती.

"मी हात नाही लावला गं," मी म्हटलं. "नुसती बोलले."

तिने भिंग घेतलं. जोडावरून इंचाइंचाने नजर फिरवली. तेवढ्या वेळात मी जे काही मागितलं होतं, ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं.

"शाबूत आहे," ती म्हणाली. मग माझ्या खांद्याकडे बघत राहिली. "आई, तुझी पिशवी."

पिशवी यंत्राच्या लाल बटणावर टेकली होती. यंत्र बंद करायचं बटण.

"मग परत चालू होईल?"

"होईल."

"कर मग. बघतेस काय?"

तिने ते चालू केलं आणि खुर्चीवर बसली. मी तिच्या केसांना तेल लावून दिलं. घरी चल म्हणायचं काही जमलं नाही. निघताना ती दारापर्यंतच आली, यंत्राकडे एक कान ठेवून.

"पोचलीस की फोन कर."

हे वाक्य इतकी वर्षं माझं होतं.

घरी पोचून फोन केला. बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तिच्या मागे घरघर चालू होती.

"जरा फोन त्याच्याजवळ धर," मी म्हटलं.

तिने धरला. मी तिच्या पलंगावर बसून ऐकत राहिले.